भिंतीवरची बुरशी : रंग मारण्याआधी ओलीची वाट शोधा

आगोट तोंडावर आली की आपल्या कोकणात घरोघर एकच लगबग असते. कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पेंढा माळ्यावर चढवायचा. तांदूळ, कुळीथ, मसाला, सुकी मासळी यांची बेगमी करायची. पण ही सगळी बेगमी ज्या घरात ठेवायची आणि घरच्या माणसांनी ज्या घरात चार महिने काढायचे, त्या घराच्या भिंतींकडे मात्र कुणी बघत नाही. आषाढात माजघराच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उठले, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास सुटला, की मग आपले लक्ष जाते. तेव्हा काही जण 'पावसाळ्यात बुरा यायचाच' म्हणून सोडून देतात, तर काही जण गणपतीच्या आधी रंगारी बोलावून वरून रंग मारून घेतात. या दोन्हींत नुकसान आहे. पहिल्यात तब्येतीचे आणि दुसऱ्यात पैशाचे, शिवाय तब्येतीचेही.

शेतकी खात्याचा माणूस भिंतीबद्दल काय सांगणार, असे कुणी म्हणेल. पण बुरशी ही बुरशीच. आंब्यावर करपा येतो, भातावर करपा येतो, तसाच भिंतीवर बुरा येतो. खाचरातले पाणी न काढता नुसते फवारे मारत बसणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. घराचेही तसेच आहे. बुरशी ही खूण आहे, मूळ दुखणे ओल हे आहे. ओलीची वाट बंद केल्याशिवाय पुसलेली बुरशी पंधरा दिवसांत परत येते आणि लावलेला रंग पोपडे होऊन खाली पडतो.

बुरशी येते कशी?

बुरशीचे बीजाणू हवेत सदासर्वकाळ असतात. ते पूर्णपणे घालवणे कुणाच्याच हातात नाही. त्यांना रुजायला खाद्य लागते आणि ओलावा लागतो. खाद्य म्हणजे भिंतीवरची धूळ, रंगातला चिकट अंश, लाकूड, कागद, कापड, चामडे. ते घरात कायमच असते. उरला ओलावा. हवेतली आर्द्रता बराच काळ ७०-८० टक्क्यांच्या वर राहिली किंवा भिंतच ओली राहिली, की बीजाणू रुजतात. पूर्ण भिजलेल्या वस्तूवर तर २४ ते ४८ तासांत सुरुवात होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे आपल्या ताब्यात काय आहे तर एकच, घरातला ओलावा.

आधी एक गोष्ट ओळखायला शिकावी. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली की ती बुरशीच असेल असे नाही. तो लोणाही असू शकतो. लोणा म्हणजे भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर येऊन सुकलेले असतात. चिमटीत चोळला तर बारीक मिठासारखा लागतो आणि पाण्यात विरघळतो. बुरशी कापसासारखी किंवा बुळबुळीत असते, पाण्यात विरघळत नाही आणि तिला कुबट वास येतो. लोणा असो की बुरशी असो, दोन्ही सांगतात एकच : भिंतीत पाणी आहे.

पूर्वीची घरे आणि आत्ताची घरे

'साहेब, आमच्या आज्याच्या घरात एवढा बुरा येत नव्हता,' असे गावोगाव ऐकायला मिळते. यात बरेचसे तथ्य आहे आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. जुने घर जांभ्याच्या चिऱ्याचे, उंच जोत्याचे आणि उतरत्या कौलांचे असे. चारी बाजूंनी पडवी आणि लांब वळचण असल्याने पावसाची झड मुख्य भिंतीपर्यंत पोचत नसे. गिलावा मातीचा किंवा चुन्याचा. चिरा पाणी पितो, पण उघडीप मिळाली की तेच पाणी चुन्यातून बाहेरही टाकतो. चूल दिवसभर धगधगत असे आणि तिची गरम हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई. त्या धुराने घरच्या बाईच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसाचे हाल होत, म्हणून चुलीचे दिवस परत यावेत असे कुणी म्हणणार नाही. पण घर त्यामुळे कोरडे राही, हेही खरे.

आता वर स्लॅब आली, वळचण गेली, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट आला. सिमेंटला बारीक भेग पडली की पाणी आत शिरते, पण चकचकीत रंगामुळे ते बाहेर पडू शकत नाही. भिंतीला रेनकोट घातल्यासारखे होते, आणि पाणी रेनकोटच्या आत! आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. गॅस जळतो तेव्हा त्यातून पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात येते. भाताच्या आधणाची वाफ, न्हाणीतली वाफ, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास धरला, तर चार-पाच माणसांच्या घरात रोज आठ-दहा लिटर पाणी हवेत मिसळते. खिडक्या बंद असतील तर ते जाणार कुठे? थंड भिंतीवर आणि कपाटामागे जाऊन बसते.

ओलीच्या चार वाटा

बुरशी कुठे आली आहे यावरून पाणी कुठून येते हे बहुतेक वेळा कळते.

१) वरून : डाग छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला असेल तर फुटके कौल, सरकलेला कोनवसा, स्लॅबवर साचलेले पाणी किंवा तुंबलेली पन्हळ शोधावी. पाणी कौलाखालच्या वाशावरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकते, म्हणून डागाच्या बरोबर वर न पाहता उताराच्या वरच्या बाजूला पाहावे.

२) बाजूने : पश्चिम आणि नैऋत्येकडील भिंत झडीने भिजते. खिडकीच्या चौकटीभोवती आणि भेगांच्या रेषेत डाग दिसतात. वळचण वाढवणे, खिडकीवर छज्जा किंवा पत्र्याची पडवी काढणे हा खरा उपाय. तेवढा खर्च जमत नसेल तर पावसाळ्यापुरती झापांची किंवा प्लॅस्टिकची झडप भिंतीपासून हातभर अंतर ठेवून बांधावी. भिंतीला चिकटवून बांधल्यास मागे ओल कोंडते.

३) खालून : जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा ओला दिसतो, वर लोणा येतो. ही जमिनीतून चढणारी ओल. भिंतीला टेकून मातीचा भराव, लाकडाची रास किंवा चिऱ्यांचा ढीग असेल तर आधी हलवावा. पागोळ्यांचे पाणी जिथे पडते तिथे चिऱ्यांची किंवा काँक्रीटची उतारी फरसबंदी करून चर काढावा. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नये. माडाच्या आळ्यात सोडावे, म्हणजे दोन्ही कामे होतात.

४) आतून : कपाटामागे, पलंगामागे, कोपऱ्यात आणि स्वयंपाकघराच्या छताला ठिपके येतात. ही घरातल्या वाफेची ओल. हिला गवंडी नको, हवा हवी. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत, ओले कपडे पडवीत वाळवावेत, आधण झाकून ठेवावे, चुलाण्याच्या वरच्या बाजूला झरोका किंवा पंखा असावा. एक मात्र ध्यानात ठेवावे. धो-धो पावसात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, तेव्हा खिडक्या सताड उघडून घर सुकत नाही. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळवावा.

तिसरी आणि चौथी वाट ओळखण्यासाठी बिनखर्चाची एक चाचणी आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर ती घरातल्या हवेतली आहे.

साफ कसे करावे?

डाग एक चौरस मीटरच्या आत असेल तर घरच्या घरी साफ करता येतो. दम्याचा माणूस, लहान मुले, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांनी त्या खोलीत थांबू नये. साफ करणाऱ्याने एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा. सुकी बुरशी केरसुणीने किंवा ब्रशने कधीही झाडू नये. त्याने लाखो बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने डाग भिजवावा, मग फडक्याने पुसून काढावा, स्वच्छ पाण्याने परत पुसावा आणि भिंत पंख्याने सुकवावी. वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत. बुरशी आलेली कापसाची गादी, उशी, फुगलेले प्लायवुड यांच्या आतपर्यंत बुरशी गेलेली असते. ती वाचवण्याचा खटाटोप करू नये.

इथे दोन धोक्यांच्या सूचना.

पहिली : ग्रामपंचायतीत विहिरीसाठी येणारी टीसीएल पावडर घरोघरी वापरली जाते. लादी किंवा टाइल्सवर ती चालते, पण चिऱ्याच्या वा गिलाव्याच्या भिंतीवर ती वरवरचा रंग उडवते. पाणी आत मुरते आणि आतली बुरशी जिवंत राहते. ही पावडर संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

दुसरी : शेतकरी बंधूंनो, बागेसाठी आणलेली बुरशीनाशके घराच्या भिंतीवर मारू नका. 'काका, हे कशाला मारलंत?' असे विचारले तर उत्तर मिळते, 'आंब्यावरची बुरशी जाते, तर भिंतीवरची का नाही जाणार?' बागेतले औषध ऊन-पावसाने निघून जाते, काढणीपूर्वी ठरावीक दिवस थांबायचे असते. झोपायच्या खोलीत ते औषध महिनोन् महिने तसेच राहते, आणि लेकरे त्या भिंतीला हात लावून तोच हात तोंडात घालतात. बोर्डो मिश्रणाचेही तेच. त्यातला मोरचूद घरात नको. त्यातला चुना मात्र जरूर हवा.

चुना हा आपला जुना सोबती आहे. ताज्या चुन्याच्या जहाल अल्कलीपणामुळे त्यावर बुरशी धरत नाही आणि भिंतीला श्वास घेता येतो. आधीचा ऑइलपेंट खरवडून काढल्याशिवाय चुना धरत नाही, म्हणून ते काम आधी करावे. चांगला विरवलेला चुना गाळून त्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. कळीचा चुना विरवताना तो उकळून उडतो, डोळ्यांना जपावे.

चिपळूणचा धडा

मोठ्या ओलीचे दोन प्रसंग आपल्या जिल्ह्याने लागोपाठ पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगडकडची कौले आणि पत्रे उडाले, आणि पाऊस दारात उभा होता. पुढच्याच वर्षी २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. त्या वर्षीची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे मध्ये अवघे ५० दिवस, तेही भर पावसाचे. भिजलेली भिंत सर्वसाधारणपणे महिन्याला एक इंच या गतीने सुकते, आणि तीही हवा कोरडी असेल तर. नऊ इंची चिऱ्याची भिंत एवढ्या दिवसांत सुकणे शक्यच नाही. अशा भिंतीवर गणपतीसाठी घाईने ऑइलपेंट मारणे म्हणजे पाणी आत कोंडून कुलूप लावणे होय.

गणपतीला घर उजळ दिसावे ही प्रत्येकाची इच्छा असते आणि ती रास्त आहे. त्यासाठी भाद्रपदात चुन्याची सफेदी करावी. खरा रंग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढावा, कारण तेव्हा भिंत वर्षातली सर्वांत कोरडी असते. मुंबईकर मंडळी गणपतीलाच घरी येतात आणि तेव्हाच कामाचे पैसे देतात, ही अडचण आहे. पण पैसे आत्ता द्यावेत आणि काम शिमग्याला ठरवावे, असे करता येते.

पूर ओसरल्यावरचा क्रम असा : प्रथम विजेचे मेन स्विच बंद, मग गाळ काढून भिंती धुणे, भिजलेल्या गाद्या व कागद दोन दिवसांच्या आत बाहेर, फुगलेला गिलावा ओल्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत फोडून काढणे, आणि भिंत तशीच उघडी ठेवणे. ऑक्टोबरचे ऊन तिला लागू द्यावे.

त्याच वर्षी 'काळी बुरशी' हा शब्द सर्वांच्या कानी पडला होता. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. पण म्हणून भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा घरांत दमा, खोकला आणि श्वासाचे विकार वाढतात, असे त्यात म्हटले आहे. गोठ्याच्या माळ्यावरचा बुरसटलेला पेंढा झाडणाऱ्याला संध्याकाळी ताप आणि धाप लागते, तोही बुरशीचाच प्रताप. तोंडाला मास्क लावल्याशिवाय तो पेंढा हलवू नये.

धान्याची कणगी आणि पोती

ओल्या भिंतीला टेकवलेले पोते हा बुरशीचा दुसरा मुक्काम. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. धान्य दाताखाली कडक तुटेपर्यंत वाळवूनच भरावे. बुरसटलेले शेंगदाणे, मका, पेंड गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये. पापडावरचा बुरा पुसून तळणे हाही काटकसरीचा मार्ग नव्हे.

रंगारी-गवंड्याला काय विचाराल?

डाग मोठा असेल, दरवर्षी त्याच जागी येत असेल किंवा स्लॅब गळत असेल तर जाणकार माणूस बोलवावा. वॉटरप्रूफिंगची कामे करणारे आता गावोगाव फिरतात. त्यांना हे पाच प्रश्न जरूर विचारावेत :

१) पाणी कुठून येते ते दाखवा. (जो हे न सांगता थेट दर सांगतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे.)
२) रंगाआधी भिंतीतला ओलावा यंत्राने मोजणार का?
३) जुना रंग आणि सुटलेला गिलावा किती खोल काढणार?
४) कोणते औषध वापरणार, त्याचा डबा आणि त्यावरची सूचना दाखवा.
५) हमी किती पावसाळ्यांची, आणि कागदावर देणार का?

पैशांचा शेवटचा हप्ता पुढच्या श्रावणापर्यंत हातात ठेवावा. एक पावसाळा भिंतीने काढला की काम पास.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. भाड्याच्या सामाजिक घरातली दीर्घकाळची बुरशी हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी २०१७ सालीच तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आले, 'वरून रंग मारा.' पुढे २०२३ मध्ये तिथल्या संसदेने, अशी घरे देणाऱ्या संस्थांनी ओल आणि बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घ्यावी, अशी तरतूद केली. ती अवाबच्या नावानेच ओळखली जाते.

आपल्याकडेही घरकुलाची खोली लहान, प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरची. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच वाळत घातलेले कपडे. घरकुलाच्या पाहणीत जोत्याची उंची, खिडकीवरचा छज्जा, समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि चुलीवरचा झरोका एवढे चार मुद्दे पाहिले, तरी पुढची निम्मी बुरशी टळेल. अंगणवाडी आणि शाळेच्या खोल्या आगोटीपूर्वी एकदा आणि जुलैत एकदा पाहाव्यात. ज्या भिंतीला टेकून मुले बसतात, तिथे डाग असेल तर मुले आधी हलवावीत, मग भिंतीचे काम काढावे.

या आठवड्यात एवढे करा

घराभोवती एक फेरी मारा. पन्हळीतला पालापाचोळा काढा, फुटकी कौले बदला, भिंतीला टेकलेली माती आणि लाकडे हलवा, पागोळ्यांच्या चराला उतार द्या. कपाटे पुढे ओढा. गेल्या पावसात जिथे डाग आला होता तिथे कोळशाने खूण करून ठेवा आणि ती कुठल्या वाटेने आली असेल, ते घरच्या जाणत्या माणसाला विचारा. घर बांधताना पाणी कुठून यायचे, हे त्यांना बहुधा ठाऊक असते. या कामांना पैसे फार लागत नाहीत, एक रविवार लागतो. मृग निघायच्या आत तो काढावा.